एप्रिलमध्ये पांगरचुल्ला: बर्फ वितळायला लागल्यावर हिमस्खलनाचा धोका असतो का?

साखळीचा_वाटसरू (धागालेखक) · रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. आम्ही आठ जण, साखळी, डिचोली, म्हापसा असे विखुरलेले, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तराखंडात पांगरचुल्ला शिखर करायचं म्हणतोय. जोशीमठहून वर, खुल्लाराला मुक्काम, मग मध्यरात्रीनंतर निघून शिखर आणि उलट पावली परत. उंची ४,५९० मीटरच्या आसपास. वास्को-निजामुद्दीनची तिकिटं काढून झाली आहेत, ट्रेकिंग कंपनीला आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही. आमच्यातल्या दोघांनी हिमाचलातला सार पास केलाय, एकीने उत्तराखंडातला केदारकंठा. बाकीच्यांची मजल गोव्यातले सोंसोगड, वाघेरी हे डोंगर आणि पावसाळ्यातले धबधबे.

ग्रुपवर वाद पेटलाय. एकाचं म्हणणं, हिमस्खलन ही हिवाळ्यातली गोष्ट, एप्रिलपर्यंत बर्फ बसलेला असतो, उलट तोच काळ सुरक्षित. दुसरीचं म्हणणं बरोबर उलट. कंपनीला फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, टेन्शन मत लो, हमारे गाइड लोकल हैं." स्लीपिंग बॅग किती थंडी झेपवते हे विचारलं तेव्हा मात्र त्याने अंशांत उत्तर दिलं.

जाऊ की नको हे आम्ही ठरवू. मला समजून घ्यायचंय ते एवढंच की कंपनीला नेमकं काय विचारायचं, आणि तिथे उभं राहून काय बघायचं.

---

पेडणेचो_पात्रांव · रविवार, रात्री १०.१५

वाटसरू बाब, एवढा विचार करत बसलात तर घरातून निघणारच नाही. दर वर्षी मे महिन्यात हजारो पोरं सार पासला जातात, बर्फावरून बूड टेकून घसरत बिस्केरीला उतरतात आणि हसत घरी येतात. आम्हीही गेलोय. बिनधास्त जा.

---

हिमगंधा_फोंडा · रविवार, रात्री ११.३०

तुमच्या ग्रुपमधले दोघंही अर्धे बरोबर आहेत. मी गिर्यारोहण संस्थेचा बेसिक आणि ॲडव्हान्स असे दोन्ही कोर्स केलेत, नंतर वसंतात बऱ्यापैकी हिंडले आहे, त्या हिशेबाने लिहिते. जरा लांबेल.

जानेवारी-फेब्रुवारीतला धोका मुख्यतः कोरड्या बर्फाचा. वारा नवा बर्फ उचलून धारेच्या एका बाजूला रचतो, त्याची घट्ट लादी बनते. खाली जुना, दाणेदार, एकमेकांना न चिकटणारा थर असतो. वरून माणूस चालला की खालचा थर बसतो आणि अख्खी लादी सुटते. अशा अपघातांत बहुतेक वेळा लादी सोडवणारा तिच्यात सापडलेला माणूसच असतो, नाहीतर त्याच्या टोळीतला कुणी. डोंगर आपणहून अंगावर येतो हा समज त्या बाबतीत खोटा.

एप्रिलमध्ये सगळा मामला पाण्याचा. दिवसा ऊन लागतं, वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपतं. रात्री आकाश निरभ्र असेल तर पृष्ठभागाची उष्णता निघून जाते आणि तो पुन्हा गोठतो, हवा शून्याच्या किंचित वर असली तरीसुद्धा. पहाटे अशा बर्फावर मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे लोखंडी दात) कर्र कर्र वाजतात, बूट इंचभरही रुतत नाही. रोज रात्री हे नीट झालं तर पहाटेच्या बर्फाइतका भरवशाचा बर्फ वर्षात दुसरा नाही. "बसलेला बर्फ" म्हणणारे तुमचे मित्र इथपर्यंत खरे.

पण हा भरवसा काही तासांपुरता. तिसऱ्या आठवड्यात तिकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य वर येतो. पूर्वेचे उतार आधी सैल होतात, मग दक्षिणेचे, दुपारी पश्चिमेचे. पाच वाजता ज्या उतारावर टाच रोवायला जोर लावावा लागला, तोच अकरा वाजता गुडघ्यापर्यंत गिळतो. अशा बर्फाला सुटायला तुमच्या वजनाचीही गरज लागत नाही. म्हणून कंपनीला "हिमस्खलन होतं का?" असं विचारू नका, "नाही" हेच उत्तर येणार. शिखराच्या दिवशी किती वाजता निघता आणि शिखर हाताशी असलं तरी किती वाजता मागे फिरता, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घड्याळातल्या आकड्यात आलं नाही तर ती कंपनी सोडा.

रात्र ढगाळ गेली तर? मग गोठणं होतच नाही, आणि पहाटे तीनला निघूनही तुम्ही दुपारच्याच बर्फावर चालत असता. एप्रिलमध्ये फसतात ते इथे. लवकर निघालो म्हणजे सुरक्षित, असं धरून चालतात.

---

मोपा_ते_मनाली · सोमवार, सकाळी ७.०५

वाचनखूण साठवली. हिमगंधाताई, उत्तरेकडच्या उतारांचं काय? तिथे ऊन लागत नाही म्हणजे सगळ्यात चांगले ना?

---

हिमगंधा_फोंडा · सोमवार, सकाळी ८.२०

नाही हो. उत्तरेला हिवाळ्याचा मामला जास्त दिवस टिकतो. दाणेदार थर थंडीत तसाच पडून राहतो, आणि एप्रिलच्या अखेरीस पहिल्यांदा पाणी त्याच्यापर्यंत पोचतं तेव्हा जमिनीपर्यंतचा सगळा बर्फ एकदम निघू शकतो. त्यामुळे "अमकी दिशा चांगली" असं पाठ करून जाऊ नका. किती वाजता कुठल्या उताराला किती तास ऊन लागलेलं असेल, ते नकाशावर आदल्या रात्री बसून बघा.

---

सुभेदार_निवृत्त_डिचोली · सोमवार, सकाळी ९.४०

जय हिंद. ताईंनी घड्याळाचं सांगितलं ते शंभर टक्के. आमच्याकडे बर्फाळ भागात हालचाल रात्री नाहीतर पहाटे. बर्फाने भरलेला नाला सूर्य त्याच्या माथ्यावर यायच्या आत ओलांडायचा. राहिला तर त्या दिवशी राहिला.

ओलांडताना एक एक जण. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्या एकाकडे नजर लावून बसणार, गप्पा नाहीत, मोबाईल नाही. तो पलीकडे सुरक्षित जागी पोचला की दुसरा. काठीचा फासा मनगटातून काढायचा, कारण काठी अडकली तर माणसाला खाली ओढते. पूर्वी कंबरेला लाल दोरी बांधून मागे सोडायचो, गाडला गेलाच तर दोरीचं एखादं टोक वर दिसावं म्हणून. हल्ली यंत्रं आलीत, ती बरी.

एप्रिल म्हणजे संपलं असं समजणाऱ्यांसाठी, तुमचा ट्रेक ज्या चमोली जिल्ह्यात आहे तिथलीच गोष्ट. २३ एप्रिल २०२१ ला सुमनाजवळ सीमा सडक संघटनेच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. त्याआधी पाच दिवस पाऊस आणि बर्फ चालू होता. सैन्याने ३८० हून जास्त माणसं बाहेर काढली, तरी दहाहून जास्त मजूर गेले. तारीख बघा आणि तुमच्या ट्रेकची तारीख बघा. २८ फेब्रुवारी २०२५ ला माणा गावाजवळ पुन्हा तसंच झालं. तिथे ५४ मजूर अडकले होते, ४६ वाचले, ८ गेले. त्यातले बरेचसे लोखंडी कंटेनरमध्ये होते म्हणून वाचले. तुम्ही तंबूत असणार. तंबू कुठे लागलाय ते डोकं वर करून बघत जा: वर नाळ (उतारावरची अरुंद घळ) आहे का, वरून बर्फ आल्याच्या खुणा आहेत का, एका पट्ट्यातली झाडं मोडलेली किंवा एकाच दिशेला वाकलेली आहेत का.

---

चोर्लाकर · सोमवार, दुपारी १.१५

आपल्याकडच्यांना हे कळायला फार अवघड जाऊ नये. जुलैत चोर्ला घाटात दरड कधी येते? पाऊस सुरू झाल्या झाल्या नाही, चार दिवस पाणी मुरून जांभ्याखालच्या चिकणमातीपर्यंत पोचलं की येते. ओल्या बर्फाचं तेच, फक्त इथे पाणी वरून पडायच्या ऐवजी त्याच्या स्वतःतूनच सुटतं.

मी मात्र उताराच्या कोनाबद्दल लिहिणार आहे, कारण त्याबद्दल कुणी बोललं नाही. लाद्या सुटतात त्या बहुतांश ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. त्याहून उभ्या जागी बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. त्याहून सपाट जागी लादी सहसा सुटत नाही, मात्र वरून सुटून आलेली तिथपर्यंत पोचते. ओला बर्फ ३० पेक्षा कमी कोनातही वाहतो. अडचण अशी की डोळ्यांना कोन कळत नाही. वाघेरीची शेवटची चढण किती अंश, असं चार जणांना विचारा, चार उत्तरं येतील.

दोन सारख्या लांबीच्या काठ्यांनी मोजता येतं. एका काठीचं टोक उताराला टेकवून ती दरीच्या बाजूला अगदी आडवी धरा, हवेत. तिच्या मोकळ्या टोकापासून दुसरी काठी सरळ खाली सोडा. दुसरी काठी पूर्ण लांबीवर उताराला टेकली तर उतार ४५ अंश. अर्ध्यावरच टेकली तर २७ च्या आसपास. म्हणजे अर्ध्याच्या पुढे जरा जरी काठी लागली तरी तुम्ही हिमस्खलनाच्या जमिनीवर आहात. काठीच्या मधोमध रंगीत चिकटपट्टीची खूण करून ठेवा. मोबाईलमध्येही कोनमापक असतो, पण हातमोजे काढून थंडीत मोबाईल चालवायला कुणाला सुचतं? शिवाय उतार आधी सुरक्षित जागेवरून मोजायचा, त्याच्यावर जाऊन नाही.

---

पेडणेचो_पात्रांव · सोमवार, सायंकाळी ६.३०

सगळे घाबरवतायत बाबा. अहो, मी काही तज्ज्ञ नाही, पण जे हजारो लोक जातात ते काय वेडे? आणि गाइड गावातलाच असतो, लहानपणापासून तो डोंगर बघत आलेला. त्याच्यापेक्षा तुमची काठी हुशार का?

---

हिमगंधा_फोंडा · सोमवार, रात्री ९.१०

पात्रांव, प्रश्न रास्त आहे, चिडून उत्तर देत नाही.

सार पासची घसरगुंडी कुठे करायची, किती वाजता करायची, ती वाट त्या वर्षी कधी उघडायची हे कुणीतरी आधी जाऊन ठरवलेलं असतं. हजारो जण सुखरूप येतात त्याचं बरंचसं श्रेय त्या माणसांना. उताराला नाही.

दुसरं, बर्फाचा उतार चुकीबद्दल दर वेळी शिक्षा करत नाही. चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी, दहा जणांनी घोळका करून ओलांडलं तरी बहुतेक वेळा काहीच होत नाही. आणि मग "आम्ही गेलोय, काही नाही होत" हा अनुभव म्हणून सांगितला जातो. पोहताना खोल पाण्यात गेलात तर लगेच कळतं की जमत नाहीये. इथे तसं कळत नाही.

गाइडबद्दल. गावातल्या माणसाचं ऐकायचंच, पण त्याला नाही म्हणायची मोकळीक आहे का ते बघायचं. सुट्टी काढून, पैसे भरून आलेले आठ जण, वरती बारा जणांची दुसरी टोळी पुढे निघालेली, आणि कंपनीचे ऑनलाइन शेरे. अशा वेळी तो मागे फिरा म्हणाला तर तुमच्यातला कोण पहिला म्हणेल, "अहो, एवढं आलोय"? त्या माणसाला आधीच सांगून ठेवा की तुम्ही फिरा म्हणालात तर आम्ही वाद घालणार नाही. हे वाक्य हिंदीत, चहा पिताना, पहिल्या दिवशी बोलायचं.

आणि प्रशिक्षण असलं म्हणजे झालं असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमस्खलनात मेले ते उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक होते. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. मी कोर्स केलेली बाई आहे, त्या यादीकडे बघून मला स्वतःच्या प्रमाणपत्राचा माज येत नाही.

---

अस्नोड्याची_ऊर्मी · सोमवार, रात्री ९.४५

यात फक्त गिर्यारोहक मरतात असंही नाही. ४ एप्रिल २०२३, सिक्कीम, नथुलाच्या रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ, भर दुपारी. सात पर्यटक गेले. जीपमधून आलेले, बर्फात फोटो काढायला उतरलेले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतचीच होती असं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

---

मोपा_ते_मनाली · सोमवार, रात्री १०.००

आपल्याकडे दूधसागरला रुळांवरून चालणाऱ्यांना २०२३ मध्ये रेल्वेवाल्यांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. तसं तिथे कुणीतरी हवं होतं.

---

आपला_शेजारी · सोमवार, रात्री १०.०४

दूधसागरची बंदीच चुकीची होती! ट्रेकर्सना गुन्हेगारासारखं...

---

संपादक · सोमवार, रात्री १०.४०

दूधसागर, उठाबशा आणि रेल्वे यावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे बर्फावरच बोला.

---

डॉक्टर_काणकोण · मंगळवार, सकाळी ६.५०

माझ्या बाजूने थोडं. बर्फाखाली गाडल्या गेलेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश गुदमरून जातात, बाकीचे बहुतेक मार लागून: खडक, झाड, कड्यावरून पडणं. थंडीने मरण्याइतका वेळच बहुतेकांना मिळत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत डोकं मोकळं करता आलं तर बहुसंख्य वाचतात. अर्ध्या तासाच्या पुढे वाचणारे तिघांत एक. ओल्या, जड बर्फात हे आकडे आणखी लवकर खाली येतात, कारण त्यात हवा कमी आणि तो थांबला की घट्ट बसतो. अशा ढिगाऱ्याचा एक घनमीटर ४०० किलोच्या पुढे सहज जातो. हाताने उकरून बघा म्हणावं.

याचा अर्थ, बाहेरून येणारी मदत मृतदेह काढायला येते. औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण आणि स्कीइंगची संस्था आहे, राज्याचं आपत्ती दल आहे, हेलिकॉप्टरही येईल, पण पंधरा मिनिटांत कुणी येणार नाही. पहिली पंधरा मिनिटं तुम्ही आठ जण एकमेकांचे.

सापडलाच तर काय करायचं हे सगळे विचारतात. ओरडा, बाजूला पळायचा प्रयत्न करा, बर्फ थांबायच्या आत तोंडासमोर हात आणून थोडी पोकळी करा, जमलं तर दुसरा हात वर. यातलं किती जमेल ते तुमच्या हातात नसतं. आणि बाहेर काढलेला श्वास घेत नसेल तर नाडी शोधत बसू नका, तोंडातला बर्फ काढा आणि तोंडाने श्वास द्यायला लागा, कारण गुदमरलेला आहे. प्रथमोपचाराचा वर्ग निघण्याआधी करून जा, सगळ्यांनी.

---

साखळीचा_वाटसरू · मंगळवार, दुपारी २.२०

देव बरें करूं सगळ्यांना. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

दोन प्रश्न. एक, बीकन नावाचं जे यंत्र असतं ते भाड्याने घ्यावं का? दोन, आमच्यातल्या एकाचा भाऊ लंडनहून येतोय, त्याच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र आहे. वर मोबाईलला रेंज नसते, ते नेलं तर?

---

हिमगंधा_फोंडा · मंगळवार, सायंकाळी ५.५०

दुसऱ्याचं उत्तर आधी: अजिबात नेऊ नका. परवान्याशिवाय ते यंत्र भारतात बाळगणं बेकायदा आहे. २०२४ च्या डिसेंबरात आपल्याच गोव्यातल्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना याच कारणाने अडवून पोलिसांकडे दिलं होतं. भावाला म्हणावं लंडनलाच ठेव. रेंज जिथे शेवटची मिळते तिथून घरी कळवा की अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवायचं. चमोली जिल्ह्याचा एसटीडी कोड लावून, नाहीतर १०७७ उत्तर गोव्यात लागेल.

बीकन. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतं आणि गाडलेल्याचा शोध घेताना दुसऱ्याचं बीकन तो पकडतं. पण ते एकटं कामाचं नाही. बीकन, खुपसायची लांब घडीची सळई आणि धातूचं फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे हवं आणि सरावाने हातात बसलेलं हवं. बीकनने जागा कळते, सळईने खोली, फावड्याने माणूस बाहेर येतो. यातलं एक नसेल तर बाकीची दोन ओझं. मोबाईल बीकनपासून एरवी वीतभर तरी लांब, शोधताना हातभर लांब, म्हणजे अर्ध्या मीटरच्या पलीकडे. इथल्या बहुतेक कंपन्यांच्या यादीत यातलं काही नसतं.

तुमच्यासाठी माझं मत: न शिकता आठ बीकन भाड्याने घेऊन उगीच धीर वाढवू नका. जिथे त्यांची गरज पडेल अशा उतारावर, अशा वेळी जायचंच नाही, असा ट्रेक करा. स्कीवाल्यांची गोष्ट वेगळी, ते मुद्दाम त्याच उतारांवर जातात.

---

चोर्लाकर · मंगळवार, रात्री ८.३०

चंदिगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेचं हिमस्खलन पत्रक राहिलं. मनालीची जुनी हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये त्यांच्यात विलीन झाली. जिल्हावार, अमुक उंचीच्या वर, अशी पाच पातळ्यांची सूचना येते आणि वर्तमानपत्रांतही छापून येते. चमोलीचं रोज बघायला लागा. फक्त ती जिल्ह्याची असते, तुमच्या उताराची नाही. आणि मधली पातळी बघून "मध्यमच आहे" म्हणू नका. आल्प्समध्ये सगळ्यात जास्त माणसं तिसऱ्या पातळीच्या दिवशी जातात, कारण चौथ्या-पाचव्या पातळीचे दिवस मुळात कमी, आणि तेव्हा फारसं कुणी बाहेर पडत नाही.

---

सुभेदार_निवृत्त_डिचोली · मंगळवार, रात्री ९.१५

चालता चालता दिसणाऱ्या खुणा लिहितो, पोरांना पाठ करायला लावा. बर्फातून धप्प असा दबका आवाज आला, पायाखालून भेग पळत गेली, तर तिथूनच मागे, आल्या पावलांवरून. उतारावरून आपोआप बर्फाचे गोळे सुटून गुंडाळत मोठे होत खाली यायला लागले म्हणजे ऊन आपलं काम करतंय. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की उशीर झालाय. धारेवर चालताना दरीकडे झुकलेल्या बर्फाच्या ओठावर जायचं नाही, तो दिसतो त्याच्या बराच मागून तुटतो. त्याच्या खालूनही दुपारी जायचं नाही.

आणि विश्रांतीला नाळेत बसू नका. आपल्या लोकांना वारा लागला की खोलगट जागा सापडते आणि तिथेच शेंगदाण्याच्या चिक्कीची पिशवी उघडते. अशा नाळेत थोडा बर्फ आला तरी तो पसरत नाही, उंच साठतो.

---

डॉक्टर_काणकोण · बुधवार, सकाळी ७.००

सुभेदारसाहेब, चिक्की बरोबर ओळखलीत.

एक राहिलं. आपण समुद्रसपाटीची माणसं. ४,००० मीटरवर आपला वेग बराच कमी होतो आणि हे सगळं गणित वेगावर उभं आहे. कंपनीचं वेळापत्रक जो शिखराला सात वाजता पोचतो त्याच्यासाठी छापलेलं असतं. तुमच्यातला सगळ्यात हळू चालणारा नऊ वाजता पोचणार असेल, तर तुमच्या टोळीचा उतार अकराच्या उन्हात पडतो. तो कोण हे घरून निघायच्या आधी कळायला हवं. चढाईत किती दम लागतो ते इथेच बघा. सोंसोगडला मुद्दाम भरलेली सॅक घेऊन चढा (म्हादई अभयारण्यात येतो, वनखात्याची परवानगी काढून), घड्याळ लावून. १,१६६ मीटर काही फार नाही, पण आठ जणांतला फरक तिथेही दिसतो. डोकेदुखी, उलटी लपवून शिखराला निघणारा सगळ्यांना उशीर करतो, तेही सांगून ठेवा.

---

साखळीचा_वाटसरू · रविवार, सायंकाळी ७.४०

अपडेट देतो.

कंपनीला सगळे प्रश्न लेखी पाठवले. पहिल्या कंपनीचं उत्तर "गाइड कंडिशन देखके डिसाइड करेगा." दुसऱ्या एका कंपनीने आकडे दिले: शिखराच्या रात्री दोनला निघणं, साडेआठला जिथे असाल तिथून मागे, आणि आदली रात्र ढगाळ गेली किंवा ताजा बर्फ पडला तर शिखर रद्द, त्याऐवजी कुआरी खिंडीकडे जाता येतं का ते बघणार. पैसे परत नाहीत हेही स्पष्ट लिहिलंय. आम्हाला हे बरं वाटलं, तिकडे आगाऊ रक्कम भरली.

काल सोंसोगड केला. डॉक्टर म्हणाले तसंच झालं, पहिल्या आणि शेवटच्या माणसात सव्वा तासाचा फरक. शेवटच्या दोघांनी स्वतःच सांगितलं की आम्ही कुआरी खिंडच करतो, शिखराला येत नाही. खिंडीतून नंदादेवी आणि द्रोणागिरी दिसतात म्हटल्यावर त्यांचं तोंड अजिबात वाकडं झालं नाही.

शेवटची शंका. जोशीमठला पोचल्यावर आणि वर कँपवर, निघायच्या आधी नक्की काय विचारायचं?

---

हिमगंधा_फोंडा · रविवार, रात्री ९.२५

छान ठरवलंत. कुआरीलाही एप्रिलमध्ये बर्फाचे उतार लागतात, तिकडचं घड्याळही तसंच पाळा.

खाली उतरून येणाऱ्या टोळ्या आणि खेचरवाले यांना विचारा, "पिछली तीन रात बर्फ जमी क्या?" आणि "पाला पडा क्या?" पाला म्हणजे त्यांच्याकडे दंव गोठलेलं. शिवाय शेवटचा ताजा बर्फ कधी आणि किती पडला. एप्रिलमध्ये वीतभर ताजा बर्फ पडून लगेच स्वच्छ ऊन पडलं तर पहिलं ऊन हेच सगळ्यात वाईट. सगळ्यांना फोटो काढायला बाहेर पडावंसं वाटतं तो दिवस तंबूत काढा. एखादा दिवस राखीव ठेवलाय ना?

कँपवर रात्री एक वाजता उठून आधी आकाश बघा. तारे दिसतायत का? मग तंबूजवळच्या बर्फावर पूर्ण वजन टाकून उभे राहा. कवच घट्ट लागलं आणि त्याखाली ओला चिखल नसेल तर चहा टाका. पातळ पापुद्रा फुटून पाय आत गेला तर पुन्हा झोपा. कँपवर गोठलं म्हणजे वरही गोठलं असेलच असं बहुतेक वेळा धरता येतं, पण वर जाताना दर तासाला टाच मारून बघत राहा.

---

साखळीचा_वाटसरू · रविवार, रात्री ९.४०

राखीव दिवस एक आहे. परतीचं तिकीट त्या हिशेबाने बदललं. गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायची कापडी आवरणं) तेवढे दोघांना कमी पडतायत, गोव्यात कुठे मिळतील?

---

पेडणेचो_पात्रांव · रविवार, रात्री १०.१०

माझ्याकडे दोन जोड पडून आहेत, चेन शाबूत आहे, एकाचा खालचा पट्टा बदलावा लागेल. शुक्रवारी म्हापशाला बाजाराला येतो, तेव्हा घेऊन जा. पैसे नकोत. साडेआठचं पाळा म्हणजे झालं.